पंजात मावणारे शब्द

जी-एच मामा भेटले की ‘कशी आहेस’ असं कधी विचारत नसत. उजव्या हाताचा पंजा समोर धरून म्हणायचे, “पाच अक्षरी इंग्रजी शब्द. जी आणि एच शेजारी-शेजारी. बोल.” समोर दूधवाला असो, रिक्षावाला असो, नाहीतर कालच लग्न होऊन आलेली सून असो. लाईट, नाईट, राईट एवढं बहुतेकांना यायचं. पुढे माणूस अडकायचा, आणि तो अडकला की मामा खूश.

अंबरनाथला आमच्या चाळीत त्यांची आमची भिंत एकच होती. कारखान्यातून निवृत्त झालेला उंच, जरासा वाकलेला माणूस. वामनराव हे त्यांचं नाव फक्त पोस्टमन घ्यायचा. शब्द पाचच अक्षरांचा का, असं मी एकदा विचारलं. दर अक्षराला एक बोट मिटत त्यांनी ‘नाईट’चं स्पेलिंग म्हणून दाखवलं. शेवटच्या ‘टी’ला मूठ बंद झाली. “हा शब्द पंजात मावला. ‘ब्राईट’ला दुसरा हात लागतो, आणि माझ्या दुसऱ्या हातात पिशवी असते.”

हे खूळ नोकरीत असतानाच लागलेलं. बढतीच्या परीक्षेत इंग्रजी शुद्धलेखन होतं. मामांनी जिथे-तिथे जी-एच गाळून, ऐकू आलं तसं लिहिलं आणि नापास झाले. पुन्हा परीक्षेला बसले नाहीत, पण त्या दोन अक्षरांचा नाद मात्र सुटला नाही. “उच्चारात नाहीत, काही नाहीत,” ते सांगायचे, “पण काढून टाकली की शब्द चुकतो. आहे ना गंमत?” राग असा त्यांच्या बोलण्यात कधी दिसला नाही.

काहींचे उच्चार मात्र त्यांचे स्वतःचे. ‘लाफ’ला ते ‘लॉघ’ म्हणायचे. मी कॉलेजात होते. म्हटलं, “मामा, लाफ म्हणतात त्याला.”

“मग हसताना हा एफ कुठून आला?”

ते ‘लॉघ’च म्हणत राहिले.

एकदा उल्हासनगरला कापड घ्यायला आम्ही सगळे गेलो होतो. मामांनी दुकानदारापुढेही पंजा धरला. सिंधी दुकानदार कात्री थांबवून म्हणाला, “घी!”

“चारच अक्षरं आहेत. नहीं चलेगा.”

“तो शुद्ध घी कर लो, साईं. फिर तो चलेगा?”

मामा खो-खो हसले. मामी मात्र कापडाचा पोत बघत म्हणाल्या, “घरी तोंड उघडलं की तेच, इथेही तेच. निम्मं ऐकूच येत नाही मला आता.” मामी चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी पेपर रोज वाचायच्या, पण एबीसीडीच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या.

मग एका सकाळी मामा नळावर तोंड धुताना कोसळले. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली आणि बोलणं बंद. मराठीचा एक शब्द निघेना. मुलीचं नावही नाही. माठाकडे बघत म्हणाले, “लाईट.” जावयाने उठून दिवा लावला. मामा चिडले, डावा हात आपटला, पुन्हा म्हणाले, “लाईट!” मामींनी पेला भरून ओठांना लावला, तर घटाघटा प्यायले.

“डोक्यावर परिणाम झालाय,” असं चाळीत सगळे हळू आवाजात बोलू लागले. मामींनी ते ऐकलं. “डोकं ठिकाणावर आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “शब्दांच्या जागा बदलल्यात, एवढंच.”

त्या संध्याकाळी मामी माझ्याकडे आल्या. “त्यांचे ते सगळे शब्द मला शिकव.” मी एकेक सांगत गेले आणि त्या घोकत गेल्या. मग रोज दुपारी मामांचा लुळा हात मांडीवर घेऊन एकेक अक्षर म्हणत त्या एकेक बोट दाबायच्या. वयाची साठी ओलांडल्यावर अशी त्यांची एबीसीडी झाली. चुकलं की मामा मान हलवायचे.

हळूहळू त्या दोघांची एक बोली तयार झाली. ‘लाईट’ म्हणजे पाणी. ‘टाईट’ म्हणजे उशी सरकव. ‘रॉघ’, म्हणजे आपलं ‘रफ’, हे भाजी बेचव झाली की. ‘एट’, इंग्रजीतला आठ, म्हणजे मामी स्वतः; का, ते कुणालाच कळलं नाही. मामा आतून “एट!” अशी हाक मारायचे आणि मामी हातातलं टाकून “आले, आले,” म्हणत जायच्या. पुढे ‘हो’, ‘नको’ आणि ‘चहा’ एवढं मराठी परत आलं. पण हाक तीच राहिली.

एका दुपारी मामा “फाईट, फाईट,” असं ओरडू लागले. भेटायला आलेल्या जावयाला वाटलं, टीव्हीवरच्या भांडणाला वैतागले. त्याने टीव्ही बंद केला. मामी पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि एकदाच मामांच्या तोंडाकडे बघितलं. “झटका आल्यापासून हा शब्द ते कधी बोलले नव्हते. काहीतरी नवीन होतंय त्यांना. रिक्षा आण!” छातीत कळ आली होती. वेळेवर नेलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मामांना आणखी एक हिवाळा मिळाला. दुसऱ्या वेळी ते झोपेतच गेले.

जलदान विधी झाल्यावर मुलीने मामींना बदलापूरला, कात्रपच्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेले होते. मामी साड्यांच्या घड्या घालत होत्या. डोळे कोरडे होते. त्या बॅगेत ठेवत मी म्हटलं, “फार केलंत तुम्ही त्यांचं.”

“केलं कसलं?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं ते बोलत होते, मी आपली कामात. शेवटी मूठभर शब्द राहिले त्यांच्याकडे, तेव्हा कुठे मी नीट ऐकायला लागले. अजून थोडे दिवस हवे होते गं.”

मग त्यांनी बॅगेची चेन ओढली आणि रिक्षा आली का, ते बघायला मला खाली पाठवलं.