चारही चाकांना ताप

आमच्या रस्त्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीखाली एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीला सगळे थेंबे म्हणतात. ते काही त्याचं आडनाव नाही. गाडी आली की तो आधी कान तुटलेल्या कपात पाणी घेतो, बोटं बुडवून चाकांवर थेंब उडवतो आणि बघत उभा राहतो. गार चाकावरून थेंब ओघळतो. तापलेल्या चाकावर चर्र करून उडून जातो. हात का लावत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. "काकू, भाजलेलं बोट उगाच जास्त सांगतं," म्हणाला.

त्याची बायको काउंटरवर बसते. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत नटबोल्ट आणि जिभेवर नवरा, असा तिचा संसार.

माझी भाची नर्स आहे. यजमान गेल्यावर त्यांची जुनी जीप मी तिला दिली. गाडी एकतीस वर्षांची, टप कापडी, पण दगडधोंड्यांतून चारही चाकांवर बकरीसारखी चढते. दर सोमवारी भाची लशींची पेटी घेऊन पठारावरच्या चार वाड्यांवर जाते. तिथे दुसरी कुठलीच गाडी पोचत नाही. गेल्या दोन सोमवारी मात्र ती अर्ध्या वाटेतून परत आली. चाकांतून जळका वास, मागून धूर. थेंब्याने मागच्या चाकांतले ब्रेकचे लायनर बदलून दिले, तरी तेच. मग तिच्या कार्यालयाने कळवलं की तिसरी फेरी चुकली तर फेरीच बंद करू, बायकांनी मुलांना घेऊन खाली यावं.

"मावशी, त्या नाही गं येणार," भाची म्हणाली. "पाच तास चालून कोण येईल? मुलं तशीच राहतील."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघी गॅरेजात हजर झालो. थेंब्याने गाडी सहा किलोमीटर फिरवून आणली. मी शेजारी बसले होते. तो ब्रेकला फारसा पायही लावत नव्हता, तरी गाडी कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी चालत होती. परत आल्यावर कप निघाला. पुढचं डावं चाक, चर्र. उजवं, चर्र. मागची दोन्ही, चर्र.

"चारही?" बायकोने काउंटरवरून विचारलं. "आणि तुम्ही मागचे दोनच बदललेत! पोट दुखतंय आणि गुडघ्याला लेप."

थेंबे तिच्याकडे न बघता म्हणाला, "चार भाऊ एकदम आजारी पडले तर भावांच्या जिभा बघू नयेत. स्वयंपाकघरात जावं."

स्वयंपाकघर म्हणजे मास्टर सिलिंडर, जिथून ब्रेकचं तेल चारही चाकांना जातं. त्याने पुढचं चाक जॅकवर उचललं. भाचीने दोन्ही हातांनी जोर लावला, चाक हलेना. मग त्याने सिलिंडरचे दोन नट सैल केले, सिलिंडर नखाएवढा पुढे सरकवला आणि म्हणाला, "आता फिरवा, सिस्टर."

चाक गरगर फिरलं.

"पेडलमागे एक दांडी असते," तो मला समजावू लागला. "पाय काढला की ती मागे यायला हवी, म्हणजे तेल आपल्या डब्यात परततं. दांडी लांब असली की परतीची वाट बंद. तेल तापतं, फुगतं, आणि कोणी पाय न लावता ब्रेक दाबत बसतं."

"पण दांडी लांब केली कोणी?" भाचीने विचारलं.

थेंबे पेडलखाली टॉर्च घेऊन वाकला आणि तिथेच राहिला. त्याची एक शिस्त आहे. ज्या नटाला त्याचा पाना लागतो, त्यावर तो पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो.

"काय दिसतंय?" बायको उठून आली. तिनेही वाकून पाहिलं. "दांडीच्या नटावर ठिपका! वा!"

गेल्या महिन्यात भाची त्याला म्हणाली होती, पेडल फार खोल जातं, पाय पुरत नाही. थेंब्याला नाही म्हणणं जमत नाही. त्याने दांडी तीन फेरे लांब करून पेडल वर आणलं होतं.

"मीच सांगितलं होतं, काका," भाची म्हणाली.

"तुम्ही पाय पुरत नाही म्हणालात. दांडी फिरवा असं नव्हतं सांगितलं." तो ताठ उभा राहिला. टायर बदलायला आलेले दोघे बाकावर बसून ऐकत होते, त्यांच्यादेखत म्हणाला, "चूक माझी आहे."

"टोपी घट्ट झाली म्हणून डोकं तासणारा माणूस," बायको म्हणाली. पण तीच फूटपट्टी घेऊन सीटवर चढली, भाचीच्या पाठीमागची जागा मोजली आणि दुपारपर्यंत जाड फोमची एक उशी शिवून सीटच्या पाठीला पट्ट्यांनी बांधून टाकली. पाय पुरला.

थेंब्याने दांडी आखडती घेतली. पेडल हाताने दाबून दांडी टेकण्याआधी थोडा मोकळा खेळ आहे ना, हे पाच वेळा पाहिलं. जळून काळं पडलेलं तेल काढून नवं भरलं, चारही चाकांचे चकचकीत झालेले लायनर काचकागदाने घासले. शनिवारी लांब उतारावर गाडी दोनदा खाली आणली. चाकं कोमट, बास.

तरी सोमवारी सकाळी सहाला तो गॅरेजला कुलूप लावून भाचीशेजारी जाऊन बसला. "पठारावर काही झालं तर तिथे मीच हवा," एवढंच म्हणाला.

काही झालं नाही. चारही वाड्या झाल्या, त्रेचाळीस मुलांना लस मिळाली, पाचला दहा कमी असताना जीप माझ्या दारात उभी राहिली. फेरी चालू राहिली. फक्त तिसऱ्या वाडीत भाचीला माणूस कमी पडला आणि तिने मुलं धरायचं काम थेंब्याला दिलं. शर्टाची दोन बटणं तुटलेली, गालावर ओरखडा, अशा अवतारात तो माझ्या ओट्यावर पाणी प्यायला बसला.

"तेवीस धरली, काकू," म्हणाला. "एकानेही मला माफ केलेलं नाही."