लोंबणारी वायर

जिंतूर रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये माझी माय कितीतरी मोसम कवडी वेचायला जायची. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तो ढिगातून हातानं वेगळा काढायचा. त्याच जिनिंगमध्ये यंत्रांचं नेटवर्क बसवायला मी निघाले, एकटीनं करायचं माझं पहिलं काम, तेव्हा माय म्हणाली, "मी बी येते." मी नको नको म्हणेपर्यंत ती नवी साडी नेसून दारात उभी. मायसमोर फजिती झाली तर, ही माझी खरी भीती होती. ती मी चिडचिडीत लपवली.

तीन स्विच बसवायचे होते. स्विच म्हणजे वायरींचा चौक. कोणत्या यंत्राचा निरोप कुणाकडं जायचा, ते तो डबा बघतो. एक आवारातल्या पॅनेलच्या खोलीत, दुसरा कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांजवळ, म्हणजे जिनांजवळ, तिसरा गाठी बांधणाऱ्या प्रेसजवळ. मालकांनी सकाळीच सुनावलं, "दुपारपर्यंत झालं तर ठीक, न्हाईतर मी संभाजीनगरहून माणूस बोलावतो." माझं टाळकं सरकलं. पण बाहेर कापसाचे ट्रॅक्टर खोळंबले होते, म्हणून कामाला लागले.

मदतीला तिथले जुने मिस्त्री होते. भयंकर टापटिपीचा माणूस. त्यांच्या पॅनेलमधल्या वायरी वेणी घातल्यासारख्या. पॅनेलच्या खोलीच्या दाराशी बाकड्यावर बसलेल्या मायनं त्यांना लगेच ओळखलं.

"हाच त्यो," ती माझ्या कानात म्हणाली. "पाणी प्यायला हिथून गेलं तरी वरडायचा, 'ए बाई, हात लावू नको!' आता म्हातारा झाला." हे शेवटचं तिनं मोठ्या समाधानानं सांगितलं.

नवा स्विच कारखान्यातून एक ठरलेला पत्ता घेऊन येतो. आपला लॅपटॉप तसलाच पत्ता देऊन त्याच्या पंगतीत बसवला नाही तर तो ओळखसुद्धा दाखवत नाही. मी बसवला, पासवर्ड बदलले, नावं दिली, तिन्ही डबे एकापुढं एक जोडले. तिसऱ्याकडून पहिल्याकडं परत येणारी वायर मात्र पहिल्याजवळ सुटी ठेवली. ती जोडली की कडं पुरं होतं, आणि मग एखादी वायर तुटली तरी निरोप उलट्या बाजूनं पोचतो. पण आधी तिन्ही डब्यांच्या सेटिंगमध्ये, हे कडं आहे, असं सांगावं लागतं. नाहीतर निरोप गोल गोल फिरून सगळं ठप्प करतात. दोन डब्यांचं ते सेटिंग झालं. तिसऱ्याला लॅपटॉप जोडला आणि काही वेळातच स्क्रीन थिजली.

धावत पॅनेलच्या खोलीत आले. स्विचचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते आणि मिस्त्री खुशीत उभे.

"बघा ताई, कसं जोरात चालायलंय!"

सुटी वायर जागेवर खोचलेली होती.

"ही कुणी लावली?" मी ओरडले.

"मीच की. लोंबायली होती, बरं दिसंना."

मग माझ्या तोंडाला जे आलं ते मी बोलले. माय बाकड्यावरूनच म्हणाली, "अगं, लावू नका म्हून सांगितलं होतंस का त्येंला?"

नव्हतं सांगितलं. साधी चिठ्ठीसुद्धा अडकवली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, चुकलं माझं," म्हणून मी वायर काढली. दिवे निवले. तिसऱ्या डब्याचं राहिलेलं सेटिंग करून परत आले आणि म्हटलं, "आता तुमीच खोचा." त्यांनी खोचली. या वेळी दिवे शहाण्यासारखे लुकलुकले.

दुपारी चाचणी झाली. जिना धडधडल्या, प्रेस चालू झाला, ऑफिसातल्या स्क्रीनवर आकडे आले. आता चालत्या कामात एक वायर उपसून दाखवायची होती. मालक पॅनेलच्या खोलीत हाताची घडी घालून उभे. मी मिस्त्रींना खूण केली. ते पुढं झाले, थांबले आणि दाराकडं वळले.

"अक्का, तुमी या."

"मी? न्हाई बाबा. बंद पडंल की!"

"लावा हात," मिस्त्री म्हणाले. "वळखलं म्या तुमाला. तवा लय वरडलो तुमच्यावर. आज लावा."

मायनं पदराला हात पुसले. मी कोणती वायर ते दाखवलं. डोळे मिटून तिनं ती ओढली. एक दिवा विझला. पलीकडं जिना धडधडतच होत्या, माझ्या लॅपटॉपवरही आकडे येतच होते. मालकांनी नुसतं "बरं हाय" म्हटलं आणि ते ट्रॅक्टर आत घ्यायला सांगायला गेले. मला नाचावंसं वाटत होतं. माय वायर हातात धरून तशीच उभी होती.

"आता परत खोचू का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खोचलीसुद्धा.

गावाकडं परतताना पेडगावच्या एसटीत शेजारच्या बाईनं तिला विचारलं, कुठं गेला होता म्हणून.

"जिनिंग चालू करायला," माय म्हणाली. "लेक होती संगं."