एक फाती जास्त

पेडण्याच्या बाजारात ती फुलवाली मला एकदाच भेटली. केळीच्या सोपटात अबोली गुंफताना ती हातांकडे बघतच नव्हती. ती कुठेतरी लांब होती आणि बोटे आपली आपण चालली होती. बघता बघता माझेही डोळे जड झाले.

पण मी घासाघीस करायला आले होते. नवरा गेल्यावर मोपाला चहाचा गाडा टाकून मी मुलीला वाढवले. तिचे लग्न अंगणातच, माटव घालून करणार होते. हॉल नको, बँड नको. मात्र येणाऱ्या प्रत्येक बाईला केसांत माळायला अबोलीची फाती द्यायचीच, हा माझा हट्ट होता. भाचीच्या लग्नात वहिनीने सगळ्या बायकांना फाती वाटल्या आणि माझ्यासमोरून ताट पुढे नेले. विधवेला कशाला, म्हणून.

किमतीवरून आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी तीच हसली. "घे गे बाये, तू म्हणतंस तशी. बायलो किती?"

"साठ."

"तुका धरून?"

मी स्वतःला धरलेच नव्हते. तिने माझ्या कपाळाकडे पाहिले. तिचेही कपाळ मोकळेच होते, आणि अंबाड्यात ताजी अबोली होती.

"देवान घोव नेलो," ती म्हणाली, "केस ठेवले न्हय गे!"

लग्नाला वहिनी आली. मी तिच्यापुढे ताट धरले. तिची नजर माझ्या अंबाड्यातल्या फातीवर गेली आणि तिथेच राहिली. तिने फाती उचलीपर्यंत मी ताट हलवले नाही.