छाया मॅडमनं पसंत केलेलं पिस्तूल

अल्लीपूरच्या बाजारात छाया झोटिंग मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करू लागली की भाजीवाली शेजारणीला कोपरानं खुणवायची, ह्याच त्या फळ्यावाल्या मॅडम. गावच्या हायस्कुलात ती खेळ शिकवायची. पण तालुक्यात तिला ओळखत ते शर्यत सोडणारी, म्हणजे इशारा देऊन पोरांना पळायला सोडणारी बाई म्हणून. सागवानाच्या दोन फळ्या बिजागरीनं जोडलेल्या, त्या डोक्यावर उघडून धरायच्या आणि ठाप्‌कन मिटायच्या. तालुक्याच्या मैदानावर तिच्या ठापेशिवाय कोणतं पोरगं धावलं नव्हतं.

"सेट" म्हटल्यावर ती पोरांच्या तोंडाकडे बघायची नाही. तोंड फसवतं, असं तिचं मत. नव्या मास्तरांना ती सांगायची, "ढुंगणं थिर झाल्याबिगर सोडाचं नाई." ऐकणारे हसत, पण तिनं सोडलेल्या शर्यतीवर तक्रार कधी आली नाही. माहेर पवनारचं. धाम नदीच्या काठच्या रेतीत अनवाणी पळून पळून तिनं विद्यापीठाच्या स्पर्धेपर्यंत मजल मारली होती. तिथं ती पहिल्याच फेरीत बाद झाली, हे मात्र ती कोणाला सांगत नसे.

मग शाळेत रूपाली नरड आली.

बोरगाव मेघेची पोरगी. राज्य स्पर्धेतलं पदक, पंचाची परीक्षा पास, आणि त्यावर कडी म्हणजे स्वभावानं गोड. रोज स्कूटीवरून यायची, आल्या आल्या "ताई, चहा झाला का?" विचारायची. तिच्या डब्यातलं वांग्याचं भरीत शिक्षक बोटांनी निपटून खात आणि छायाच्या डब्यातली भाजी झाकणाखाली तशीच घरी जाई. छायाच्या नवऱ्यानं, हेमराजनं, रूपालीला एकदाच शाळेच्या गेटापाशी बघितलं आणि घरी येऊन म्हणाला, पोरगी मोठी हुशार दिसते. त्या दिवशी छायानं त्याच्या वरणात तिखट जरा जास्तच टाकलं.

हे सगळं तिनं गिळलं असतं. पण दिवाळीनंतर मुख्याध्यापक प्रेमदास सरांनी तिला बोलावलं आणि चाचरत सांगितलं, की यंदा तालुक्याच्या स्पर्धा आपल्या मैदानावर, आणि यंदापासून फळ्या बंद. पिस्तूल पाहिजे. आणि सोडायला परीक्षा पास झालेला माणूस पाहिजे. म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही, टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, पिस्तूल मात्र तुम्हीच निवडा, एवढ्या वर्षांचा तुमचा अनुभव.

म्हणजे नवरीचं लुगडं सवतीनं पसंत करायचं, असं छायाच्या मनात आलं. तोंडानं ती "हो सर" म्हणाली.

वर्ध्याला बबनरावांचं खेळाच्या सामानाचं दुकान. सर आणि छाया बसनं तिथं गेले. शर्यतीचं पिस्तूल म्हणजे काही गोळीचं नव्हे, लायसनचंही काम नाही. आत नुसती बारूदाची टिकली बसवायची, घोडा पडला की आवाज आणि धूर. चांगली, परदेशी बनावटीची पिस्तुलं बबनरावांनी काचेतून दाखवली आणि सरांचा चेहरा बघून परत ठेवून दिली. शाळेला परवडतील अशी दोनच निघाली. एक चकचकीत, वरातीतल्या घोड्याच्या सामानासारखं. दुसरं काळं, बोजड, म्हशीच्या शिंगासारखं, आणि त्याचा खटका इतका कडक की सरांचं बोट दुखलं. गॅरंटी कशाची, असं सरांनी विचारलं. बबनराव म्हणाले, "सर, एवढ्या पैशात गॅरंटी माह्या जिभेचीच."

दुकानामागच्या बोळात दोन्ही वाजवून बघितली. चकचकीत पिस्तुलाचा आवाज असा करकरीत, की कुत्री पार रस्त्यापर्यंत पळाली. धूरही पांढराशुभ्र. एकदा, दोनदा, पाचदा, चुकलं नाही. काळ्याचा आवाज दबका, धूर मात्र जाड. सर चकचकीतवर भाळले आणि बबनरावांबरोबर चहा घ्यायला आत गेले.

छाया बोळात एकटी राहिली. सरांनी पिस्तूल छातीसमोर आडवं धरून वाजवलं होतं, तसं कोणी शर्यत सोडत नाही. तिनं टिकली बसवली, घोडा ओढला, हात सरळ वर नेला आणि मनातल्या मनात "सेट" म्हटलं. समोरच्या भिंतीपाशी वाकलेली पोरं तिला दिसत होती. ती थिर होईतो थांबली आणि मग खटका दाबला.

टक्‌. नुसता टक्‌.

पुन्हा तसंच धरलं, पुन्हा टक्‌. आडवं धरून लगेच दाबलं तर धडाड. खोलून बघितल्यावर समजलं. टिकलीची खाच ढिली होती. नळी वर करून थोडं थांबलं की टिकली घसरायची आणि घोडा रिकाम्या जागेवर पडायचा. मग तिनं काळं पिस्तूल वर धरलं. हाताला कळ लागेपर्यंत धरलं, तरी ते दरवेळी वाजलं.

सर बाहेर आले. विचारलं, बोला मॅडम, कोणतं?

त्या क्षणी छायाला मैदान दिसलं. पाहुणे खुर्च्यांवर, पोरं वाकलेली, स्टुलावर, शर्यत सोडणाऱ्याची लाल बाही हातावर चढवलेली रूपाली, हात आभाळाकडे. आणि टक्‌.

"चकचकीतच घ्या, सर," ती म्हणाली. "आवाज मस्त आहे."

परतीच्या बसमध्ये ती तो टक्‌ पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, लिमलेटची गोळी चघळल्यासारखा. पोरं अर्धी सुटतील, अर्धी एकमेकांवर पडतील, कोणीतरी मागून म्हणेल, फळ्यावाल्या मॅडम बऱ्या होत्या. पडलेल्या पोरांचे गुडघे फुटतील, हेही डोळ्यापुढे आलं, पण तेवढ्यापुरतं तिनं खिडकीबाहेर बघितलं.

रविवारी सकाळी ती अंगणातल्या चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होती. हेमराज ओट्यावर बसून गरम शेंगा सोलत होता. फाटकाशी स्कूटी थांबली. रूपाली आत आली, ओट्यावर टेकली, हेमराजनं पुढे केलेल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि पिशवीतून पिस्तूल काढून मधे ठेवलं.

"ताई, मी चार दिवस झाले सराव करून राह्यली. हे वर धरलं का दगा देते. दुकानात तुमाले दिसलं नाई का?"

छायाच्या हातातला झारा पातेल्यातच राहिला. हेमराज हसला. "तिले काय दिसते व पिस्तुलातलं? ते फळ्यावाली बाई. जन्मभर लाकडं आपटले तिनं."

रूपाली मात्र हसली नाही. उलट समजूत काढल्यासारखं म्हणाली, "तसं नाई जी. वर धरून पाह्यलं नसन ताईनं. मलेई पहिल्या दिवशी कुठं समजलं? होते असं."

सुटायला दार उघडं होतं. "नाई व, नाई दिसलं" एवढंच म्हणायचं, चहा टाकायचा, आणि विषय संपत होता. पण त्या "होते असं"मधली माया छायाला चुलीतल्या निखाऱ्यासारखी लागली. पदक तिचं, परीक्षा तिची, स्टूल तिचं, भरीतसुद्धा तिचंच. आणि आता नजरही तिचीच तेज? हिनं माझी कीव करायची? सगळं घे म्हणावं, पण हे नाही.

"दिसलं होतं मले," छाया म्हणाली. "तुले चार दिवस लागले, मले दुकानातच समजलं."

हेमराजच्या बोटातली शेंग तशीच राहिली.

"मंग?" रूपालीनं विचारलं.

"मंग काय. घेतलं."

"काऊन?"

छायानं झारा बाहेर काढला, उगाच झटकला. "तू उभी राह्यनार होती म्हणून."

रूपालीचा चेहरा हळूहळू लाल झाला. तिनं हातातल्या शेंगा मोजून ठेवाव्या तशा एकेक करून ओट्यावर ठेवल्या, पिस्तूल पिशवीत टाकलं आणि उठली. फाटकापर्यंत गेली आणि वळली. "पोट्ट्यायचे दात पडले असते, ताई." मग म्हणाली, "उद्या शाळा सुटल्यावर वर्ध्याले जाऊ. निवडलं तुमी, बदलून आणाले तुमीच लागान."

ती गेल्यावर हेमराजनं शेंगा बाजूला सारल्या आणि हात धुवायला उठला. त्यानं रागावण्यापेक्षा छायाला ते वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी स्कूटीवरून वर्ध्याला गेल्या. बबनराव आधी कुरकुरले, वापरलेला माल घेत नाही म्हणाले. छायानं त्यांच्याच दुकानात हात वर करून टक्‌ ऐकवला, दोन गिऱ्हाइकांसमोर, तेव्हा काळं पिस्तूल निमूट बाहेर आलं. बाहेर येऊन रूपालीनं स्कूटी सुरू केली नाही. म्हणाली, प्रेमदास सरांना मी काही सांगणार नाही. पण स्पर्धेत तुम्ही माझ्या मागं उभं राहायचं. पोरगं आधी सुटलं तर शिट्टी मारून परत बोलवायचं काम तुमचं.

"माह्यावर भरोसा आहे तुले?"

"तुमच्यावर नाई. तुमच्या नजरेवर आहे."

छायाला ह्याचाही रागच आला. इतकं नेमकं बोलायला ही कुठं शिकली?

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा नुकत्याच पडल्या होत्या. रूपाली लाल बाही चढवून स्टुलावर उभी राहिली. छाया तिच्या मागं, जमिनीवर, ओठांत शिट्टी धरून. पाहुण्यांपैकी कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिच्या डोळ्यासमोर रूपालीची पाठ, वेणी आणि वर गेलेला हात. कोपर जरा वाकलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं, पण वाकलं नाही.

शिट्टीनं काय करता येतं, ते तिला पुरतं ठाऊक होतं. एखाद्या पोराचा खांदा हलला म्हणायचं आणि फुंकायचं. शर्यत परत, स्टुलावरच्या रूपालीची फजिती, आणि विचारणारं कोणी नाही, कारण मागं उभ्या माणसाच्या शब्दापुढं पंचही जात नाही.

पोरं वाकली. छायानं एकेकावरून नजर फिरवली, खडे निवडावे तशी. एक खांदा, एक टाच, काहीतरी सापडू दे म्हणत होती. काळं पिस्तूल वाजलं, जाड धूर वर गेला आणि पोरं एका रेषेत सुटली.

कोणी आधी हललं नव्हतं, आणि न हललेल्या पोरावर शिट्टी फुंकणं तिच्याच्यानं होईना.

पुढच्या शर्यतीत नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुपारपर्यंत ती प्रत्येक वेळी मनापासून चूक शोधत राहिली. हेमराज कुंपणापलीकडून पाण्याची बाटली घेऊन आला, तेव्हा तिनं त्याला हातानंच थांबवलं, कारण रूपालीचा हात पुन्हा वर गेला होता, आणि शिट्टी तिच्या ओठांत नुसतीच ओली होत राहिली.