छताला टांगलेला सतरा नंबर

हां, तर काल आपण रेयोनं बस थांबवली तिथं आलो होतो. दोन्ही बाजूंना नुसतं पाइनचं जंगल, ना फाटा ना पेट्रोल पंप, आणि रेयोनं बस कडेला घेतली. बसमध्ये आमच्या कोस्किवारा गावाचा बर्फावरच्या हॉकीचा अख्खा संघ, म्हणजे 'लोहार'. मी मागच्या बाकावर; सरावाच्या सामन्यांना जो म्हातारा कॉफीचे थर्मास सांभाळतो त्याला फुकट नेतात. रेयो उतरला, पुढच्या चाकाला लाथ मारली आणि बसकडे पाठ करून उभा राहिला. चाकाला काहीएक झालेलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच, की आपो नावाच्या आमच्या नव्या पोरानं मागून विचारलं होतं, "हॉलच्या छताला तो सतरा नंबरचा शर्ट टांगलाय ना, तो नंबर मला मिळेल का? लहानपणापासून मी सतराच घालतो."

पोरगं उत्तरेकडचं, त्याला काय ठाऊक की शर्टाचा मालक बस चालवतोय.

रेयो एके काळी ओतशाळेत वेल्डर होता आणि संध्याकाळी बर्फावर. लोहारांसाठी त्याच्याइतके गोल आजवर कुणी केलेले नाहीत. गुडघा गेला तेव्हा त्याचा शर्ट मानानं आमच्या खेळाच्या हॉलच्या छताला टांगला. एकदा टांगला की तो नंबर कुणी घालायचा नाही. मालक स्वतः हो म्हणेल तेव्हाच शर्ट खाली उतरतो, असा आमचा रिवाज. पुढं त्यानं संघाची बस चालवायला घेतली. सामना असला की दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहतो, कारण शर्ट तिथूनच नीट दिसतो. त्याची बायको सिल्वी म्हणते, "माझा ताप त्याला दोन दिवस कळत नाही. शर्टावरची धूळ दारातून दिसते."

माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं कौतुक त्याला पचत नाही. मागच्या कप्तानाच्या नावानं बेकरीत दालचिनीचा पाव निघाला, तर रेयोनं दालचिनी सोडली. सिल्वीनं घरी केलेला पावसुद्धा हुंगून बाजूला ठेवायचा.

आता संघाचं म्हणाल, तर मागच्या हंगामात लोहार अगदी तळाला गेले. मग व्यवस्थापक तापानीनं जुने खेळाडू काढले आणि सगळा संघ नव्यानं बांधायला घेतला. आता अख्ख्या बसमध्ये दाढी असलेला माणूस म्हणजे ड्रायव्हर. बेकरीत रोज सकाळी तीच पंचायत. कुणी म्हणे, गोलरक्षक बरा आहे पण बचाव म्हणजे फाटकं जाळं. कुणी म्हणे, यंदा हरू, पण दोन वर्षांनी बघा. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की आपोच्या काठीला पक, म्हणजे ती रबरी चकती, चिकटून राहते, आणि तो रमला तर लोहारांना चांगले दिवस येतील.

रेयोला विचारलं की तो कॉफीत बघत म्हणायचा, "सप्टेंबरात सगळ्यांनाच खेळता येतं. बर्फ नवा असतो. जानेवारीत बोलू."

"पण पोरानं काल दोन गोल केले, रेयो."

"गोलरक्षक डुलक्या घेत होता."

"दोन्ही वेळा?"

"दमलेला माणूस पुन्हा पुन्हा झोपतो."

तर शेवटी रेयो पुन्हा चाकाशी बसला आणि त्या जंगलातून आम्ही परत आलो. तापानीची पंचाईत झाली. हंगामाचा पहिला सामना पुढच्या शुक्रवारी, शर्ट शिवायला टाकायचे, आणि रेयोला विचारायचं कुणी? शेवटी त्यानं आपला हुकमी उपाय काढला. शनिवारी तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, सगळे जमतातच, तिथं विचारू. सौनात कपडे नसतात, त्यामुळे कुणी साहेब नाही, कुणी ड्रायव्हर नाही. आणि भांडायचं तर मुळीच नाही. तापानीचा हिशेब असा, की तिथं रेयोला ओरडता येणार नाही.

ओरडला नाहीच तो. तापानी घसा खाकरून म्हणाला, "रेयो, त्या नंबराचं काय करू या?" रेयोनं पळी उचलली आणि तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला. आता आमच्याकडे पाणी टाकणाऱ्याला कुणी अडवत नाही आणि आधी उठतो तो हरतो. तापानी म्हणाला, "म्हणजे मी काय म्हणतो..." पुन्हा एक पळी. गोलरक्षक उठला. आणखी एक पळी. तापानीचे कान माझ्या नातीच्या टोपीसारखे लाल झाले आणि विचार अर्धा सोडून तो बाहेर पळाला. एकेक करून सगळे गेले. उरलो आम्ही तिघं: वरच्या फळीवर रेयो, त्याच्या बाजूला आपो, आणि खालच्या फळीवर मी. माझं वय झालंय, मला पटकन उठताच येत नाही. खरं सांगू, उठता आलं असतं तरी उठलो नसतो.

रेयो म्हणाला, "तू का बसलास?"

"सौना चांगला तापलाय," आपो म्हणाला. घाम त्याच्या नाकावरून टपटपत होता. "बसमध्ये मला ठाऊक नव्हतं की शर्ट तुमचा आहे. नंतर मुलांनी सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. तुमचा नंबर तुमच्यापाशीच राहू दे. मी उलटा करून एकाहत्तर घेतो. चांगला खेळलो तर एखाद्या दिवशी माझाही शर्ट टांगतील, तुमच्या शेजारी."

पोरगं साध्या मनानं बोललं, त्यात खोट नव्हती. पण रेयोची पळी हवेतच राहिली. मी खालून त्याचा चेहरा बघत होतो. त्याला तो दुसरा शर्ट दिसत होता हो! नवा कोरा, जास्त झगझगीत, खांबापासून अगदी सरळ रेषेत. पळी बादलीत टाकून तो उठला, दार ढकललं आणि तडक तळ्यात उतरला. मानेपर्यंत पाण्यात, हॉलच्या दिशेला तोंड करून, बराच वेळ तसाच.

"मी काही चुकीचं बोललो का?" आपोनं मला विचारलं.

"नाही बाबा," मी म्हटलं, "तू फार बरोबर बोललास."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेयो बसच्या काचा धूत होता. तापानी आला, दोन पावलं लांबच उभा राहिला. बादली बघून त्याला कालची आठवण झाली असावी. मी पायरीवर बसलो होतो, सिल्वीनं दिलेला दालचिनीचा पाव खात.

"शिंपीण थांबलीये," तापानी म्हणाला. "पोराच्या पाठीवर एकाहत्तर शिवायला सांगू ना?"

रेयोनं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला:

"एकाहत्तर बिकाहत्तर काही नको, सतराच शिवा, पण त्याला बजावून ठेवा, हॉलमध्ये लोक 'सतरा, सतरा' म्हणून ओरडले की आधी मी वळून बघणार, मग त्यानं बघायचं."