निबंधातली आई

एसटी स्टँडवर पेरूची पाटी घेऊन बसलेल्या बाईशेजारी तिची मुलगी डोळे मिटून निबंध पाठ करत होती. "माझी आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, मला छान छान गोष्टी सांगते..."

"अगं, अंगण कुठलं? दारात तर गटार हाय," बाई हसत म्हणाली.

"गप गं आई. सरांनी असाच लिहून दिलाय."

"मग मार्क त्या आईला मिळतील. मला काय!"

हाच निबंध मीही शाळेत पाठ केला होता. अख्ख्या वर्गाची आई एकच होती. पुढे कॉलेजात मराठीच्या मॅडमनी लोकांनी आपापल्या घरच्या माणसांवर लिहिलेले लेख वाचायला दिले. त्यांतल्या आया चिडत होत्या, मिश्री लावत होत्या, शेजारणीशी भांडत होत्या. असंही लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. पण तोवर माझी आई गेली होती. आता तिच्यावर लिहायला बसलं, की दोन-चार ओळींनंतर तो पाठ केलेला सडाच कागदावर उतरतो.

त्या मुलीला सांगावंसं वाटलं, गटार लिही, पेरू लिही. पण तिची परीक्षा तोंडावर होती.

मी निबंध घोकायचो तेव्हा माझी आईही शेजारी बिड्या वळत बसलेली असायची. तीही काहीतरी म्हणाली असेल. मी पुढची ओळ आठवत होतो.