धाकटीचे पाय

माझी धाकटी बहीण पायांनी फार अधू. आम्ही खटावच्या माळावरचे मेंढपाळ. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं आणि मेंढ्यांमागे चालत फलटणकडच्या उसाच्या मुलखात उतरायचं, ते पावसाच्या तोंडावर परतायचं. घोडीवर भांडीकुंडी, नवी कोकरं आणि धाकटी. बाकीच्या माणसांनी आपापल्या पायांनी यायचं. धाकटी सात वर्षांची झाली, घोडीला जड झाली आणि आबांनी तिला वडूजला आत्याकडे ठेवायचं ठरवलं. तिनं रडून जीव नकोसा केला.

आबा म्हणाले, "रडू नगं. आपल्या मेंढरांचं पाय कशानं लांब झालं? चालून चालून. तू बी रोज चाल. पुढल्या साली नेतो तुला."

आमच्यात सगळे हेच मानत, मीही.

आम्ही परतलो तेव्हा ती नव्हती. तापानं गेली. अंथरूण धरेपर्यंत पोर रोज ओढ्यावर चालत जाऊन येत होती, असं आत्यानं सांगितलं.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी सांगलीला कॉलेजात शिकायला राहिलो. उत्क्रांती शिकवताना सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मेंढ्यांचे पाय लांब कसे झाले असतील?" मी छाती काढून म्हणालो, "चालून!" वर्ग खिदळला. खिदळणाऱ्यांतल्या एकानंही उभ्या जन्मात मेंढरू हाकलं नसेल! सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चालून कमावलेलं पिलात उतरत नाही. काही मेंढ्या जन्मतःच जरा लांब पायांच्या असतात. त्या मुक्कामाला पोचतात, त्यांनाच कोकरं होतात. बाकीच्या वाटेत गळतात. असं पिढ्यान् पिढ्या चालतं."

मला सगळं लख्ख कळलं. आणि बाकावर बसल्या बसल्या धाकटी आठवली. पोचलेल्यांतला मी एक होतो, आणि मला ती हवी होती.

सुटीत घरी गेलो तेव्हा आबांनी विचारलं, "काय शिकवत्यात रं तितं?" मी मेंढ्यांचं सगळं सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली.

"मंग माजी पोर उगाच चालली व्हय?"

शास्त्र गेलं चुलीत. मी म्हणालो, "न्हाई आये. आनखी थोडं दिस चालली असती तर आली असती आपल्यासंगं."

"आता केवढी झाली असती रं?"

मी जमिनीपासून अंदाजानं हात वर धरला. आबा उठले, जवळ आले आणि माझा हात त्यांनी आणखी थोडा वर सरकवला.